अकरा महिने टीव्ही साठवून पाहिला

आधीच सांगून टाकते. शब्द टाकला की त्या शब्दाची क्लिप समोर, हे स्वप्न मनात धरून कोणी टीव्हीच्या बातम्या रेकॉर्ड करून साठवणारं यंत्र बसवणार असेल तर बसवू नका. मराठी बातम्यांत ते होत नाही. का होत नाही ते पुढे येईलच. तरीही आमचं हे यंत्र उद्या कोणी उचलून न्यायला आलं तर मी दारात आडवी उभी राहीन.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पत्रकारितेचा पदविका वर्ग शिकवते. खूळ डोक्यात शिरलं ते विधानसभेच्या वेळी, 20 नोव्हेंबर 2024 च्या मतदानाआधी. निवडणुकीत प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते, पेड न्यूजवर आणि जाहिरातींवर डोळा ठेवणारी. काही कामासाठी त्या कक्षात गेले होते. ओळीने टीव्ही लावलेले, समोर कर्मचारी, हातात रजिस्टर. बाई चहा घ्यायला उठल्या की तेवढी बातमी गेलीच. पुन्हा बघायची सोय काही नाही.

परदेशात यासाठी तयार यंत्रं मिळतात. अमेरिकेत ह्युस्टनची स्नॅपस्ट्रीम नावाची कंपनी आहे. तिचं यंत्र अनेक वाहिन्या एकदम रेकॉर्ड करतं आणि त्यात शब्द शोधता येतो. तिकडच्या नगरपालिकाही वापरतात, पत्रकारितेची महाविद्यालयंही. पण त्या शोधाचं इंगित यंत्रात नाही, कायद्यात आहे. तिथे टीव्हीच्या सिग्नलबरोबर बोललेला मजकूर, म्हणजे कॅप्शन, जातो. कर्णबधिरांसाठी तो दाखवणारा डीकोडर 1993 पासून प्रत्येक 13 इंची आणि त्याहून मोठ्या टीव्हीत सक्तीचा झाला, आणि पुढे 1996 च्या कायद्याने कार्यक्रमांना कॅप्शन देणंही. यंत्र फक्त तो तयार मजकूर चाळतं. आपल्या बातम्यांच्या वाहिन्यांवर असा मजकूरच येत नाही, तर चाळणार काय कप्पाळ?

तर आमचं देशी प्रकरण असं. वाचनालयातला जुना डेस्कटॉप, त्यात उपग्रहाचा सिग्नल घेणारं दोन ट्यूनरचं डीव्हीबी-एस 2 कार्ड, 4 टीबीची वेगळी हार्ड डिस्क, गच्चीवर डिश आणि तिच्यापुढे सिग्नल पकडणारा दोन तोंडांचा एलएनबी. सॉफ्टवेअर टीव्हीहेडएंड, लिनक्सवर चालणारं, फुकट. महाविद्यालयातल्या कुठल्याही संगणकावर ब्राउझर उघडून 9981 पोर्टवर गेलं की आलं समोर. संगणक सोडून खर्च 25,000 रुपयांच्या आसपास. अर्धा महाविद्यालयाचा, अर्धा नगरपरिषदेचा. ही अर्धीची भानगड पुढे येते.

डिश डीडी फ्री डिशची. उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्वेला, म्हणून आमच्या गच्चीवरच्या डिशचं तोंड आग्नेयेकडे आणि चांगलंच वर. दुकानदारालाही माहीत नसलेली गोष्ट ही की उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे एका प्रक्षेपकावर, अनेक वाहिन्या एकत्र येतात, आणि ट्यूनरने तो एकदा पकडला की त्यावरच्या सगळ्या वाहिन्या एकाच वेळी रेकॉर्ड होतात. चार वाहिन्यांना चार बॉक्स लागत नाहीत. एका वाहिनीचा तासाभराचा ऐवज सुमारे 1 जीबी. चार वाहिन्या चोवीस तास म्हणजे दिवसाला शंभर जीबीच्या आतबाहेर, म्हणजे डिस्क साधारण 40 दिवसांत भरते आणि जुनं आपोआप पुसलं जातं. खासगी डीटीएचच्या वाहिन्या कुलूपबंद असतात, त्या सोडून दिल्या. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्या ई-लिलावाप्रमाणे येतात आणि जातात. एप्रिलमध्ये आमची एक मराठी वाहिनी अशीच गेली, आणि यंत्र पाच दिवस इमानेइतबारे काळा पडदा रेकॉर्ड करत बसलं.

आता त्रास. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी चौकीदाराने शिस्तीत मेन स्विच बंद केला. त्याचं काही चुकलं नाही, आम्हीच सांगायला विसरलो. त्याआधी एप्रिलच्या उन्हात पारा 44 च्या वर, म्हणून संगणक कुलरसमोर ठेवला होता. ती आमची दुसरी चूक. कुलरच्या ओलाव्याने कार्डाच्या पट्टीवर हिरवट थर धरला. आता तो कुलरपासून लांब, खिडकीजवळ आहे, आणि झाकण उघडं ठेवून महिन्यातून एकदा धूळ फुंकतो.

मग वानरं. डिशच्या दांड्यावर एक हुप्प्या येऊन बसायचा आणि सिग्नल गुल. शिपाईमामांनी पाइपाला बोराटी, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, बांधली. तेव्हापासून वानर फक्त गच्चीच्या कठड्यावर बसून बोराटीकडे बघतं. तंत्रज्ञानावरचा माझा सगळ्यात विश्वासू उपाय हाच.

पावसाला मात्र उपाय नाही. फ्री डिशच्या लहरी जोराच्या सरीत विरतात, चित्राचे चौकोन होतात. म्हणजे ज्या संध्याकाळी पाऊस हीच बातमी, नेमकी तीच संध्याकाळ रेकॉर्डिंगमध्ये फाटलेली.

सगळ्यात वाईट गोष्ट तीन रुपयांच्या नाही पण तीस-चाळीस रुपयांच्या सेलने केली. मदरबोर्डवर बटणासारखा सेल असतो, तो संपला. एका रात्री लाइन गेली, इन्व्हर्टरही बसला, आणि संगणक उठला तो कुठलीतरी जुनीच तारीख घेऊन. इंटरनेट असतं तर घड्याळ आपोआप जुळलं असतं, पण रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलेली. तीन दिवसांच्या बातम्या भलत्याच तारखेखाली जमा झाल्या. या यंत्राची सगळी पत वेळेवर. अमुक वाहिनी, अमुक तारीख, इतके वाजून इतकी मिनिटं. तीच खोटी झाली तर उरलं काय? तोडगा एका मुलीने काढला. बातम्यांच्या वाहिन्या पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ दाखवतात. फाइलची वेळ आणि पडद्यावरची वेळ शेजारी मांडली, फरक काढला, आणि सगळ्या फाइलींची नावं तेवढ्याने सरकवली. त्या दिवसापासून लॉगशीटमध्ये पडद्यावरचं घड्याळ लिहायचं, यंत्राचं नाही, असा वर्गाचा नियम आहे.

शोधाचं सांगायचं राहिलं. दोन वाटा करून पाहिल्या. एक, आवाजावरून मजकूर करणारं व्हिस्पर. ओपनएआयने 2022 मध्ये ते खुलं केलं आणि ते मराठी ऐकतं म्हणतात. ऐकतं, पण मध्येच हिंदीत लिहायला लागतं, आणि जाहिरातीच्या संगीतावर तर कोणी न बोललेली वाक्यं रचतं. आमच्या जुन्या संगणकावर एका तासाच्या बुलेटिनला रात्र जाते. दुसरी वाट, दर पाच सेकंदांनी पडद्याचा फोटो काढून टेसरॅक्ट नावाच्या सॉफ्टवेअरकडून अक्षरं वाचून घ्यायची. ब्रेकिंगची स्थिर पाटी ते बऱ्यापैकी वाचतं. खालून पळणारी पट्टी नाही. आणि वाचलं तरी घोळ आहेच. आमच्या जिल्ह्यातलं वणी शोधलं की नाशिककडचं वणी येतं, सप्तशृंगीचं. शेवटी पाट्यांवरून अंदाज घ्यायचा आणि डोळ्यांनी बघायचं, हाच शोध.

एवढं सगळं असून मी दारात आडवी का उभी राहीन, तर ऑगस्टमधल्या एका सकाळीमुळे.

सकाळी नगरपरिषदेचे बाबू वर्गातच आले. म्हणाले, "मॅडम, रातच्या बातमीत आपला पूल वाहून गेला म्हने. पुण्याहून, मुंबईहून लोकायचे फोन येऊन रायले. किती वाजता दाखोलं, पाहून द्या ना." पाऊस वरच्या भागात झाला होता, आमच्या डोक्यावर नाही, म्हणून रेकॉर्डिंग धड होतं. पाट्या चाळल्या, आठ वाजून बारा मिनिटांनी आमच्या गावाचं नाव सापडलं. "पूल वाहून गेला", आणि खाली लाल पाण्याचा लोंढा. मुलं पडद्याभोवती जमली. क्लिप तीनदा पाहिली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर वर्गात फारसा बोलला नव्हता, तो म्हणाला, "मॅडम, आपल्या रपट्याले कठडे कुठी हायेत?"

क्लिपमधल्या पुलाला लोखंडी कठडे होते. आमच्याकडे पूल नाहीच, रपटा आहे. दर पावसाळ्यात दोन-तीनदा पाण्याखाली जातो आणि पाणी उतरलं की दिसतो, कठड्याबिठड्याशिवाय. मग आदल्या संध्याकाळचं सगळं उपसलं. त्याच वाहिनीवर सहा वाजता तीच दृश्यं दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाने गेली होती. दोन्ही क्लिप, दोन्ही वेळा, आणि सकाळी मुलांनी रपट्यावर जाऊन काढलेला फोटो, इतकं बाबूंनी वाहिनीला पाठवलं. दुपारनंतर पाटी दिसली नाही. दिलगिरी वगैरे काही नाही, पण पाटी गेली.

हे तारीखवेळेचं एवढं का, तर वाहिन्यांना दाखवलेल्या मजकुराचं रेकॉर्ड 90 दिवस ठेवावं लागतं, आणि केबल टीव्हीच्या नियमांत 2021 मध्ये झालेल्या बदलानुसार प्रेक्षकाच्या तक्रारीवर वाहिनीने 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. "काल रात्री काहीतरी दाखवलं" अशी तक्रार कोणी हातात धरत नाही. आठ वाजून बारा मिनिटं म्हटलं की धरावी लागते. आणि वर्गात शिकवण्यासाठी प्रक्षेपणाचे तुकडे वापरायला कॉपीराइट कायद्याच्या कलम 39 मध्ये मुभा आहे. ते तुकडे आम्ही यूट्यूबवर टाकत नाही, बाहेर वाटत नाही.

आता ती अर्धीची भानगड. तेव्हा नगरपरिषदेत निवडून आलेलं सभागृह नव्हतं, प्रशासकाचा कारभार होता. रपट्याच्या प्रकरणाने साहेब खूश झाले आणि पंधरा दिवसांनी निरोप आला: कोणता पत्रकार आपल्याविरुद्ध काय बोलतो, त्याची दर महिन्याला नावानिशी यादी द्या. अर्धे पैसे त्यांचे, त्यामुळे मला झोप लागेना. वर्गातली दोन मुलं गावातल्याच स्ट्रिंगरांकडे, म्हणजे वाहिन्यांना बातमीमागे पैशांवर बातम्या पुरवणाऱ्यांकडे, उमेदवारी करतात; त्यांच्याच हातून त्यांच्याच गुरूंची यादी? मी लेखी कळवलं की यादी देऊ, पण बातमीची, माणसाची नाही. वाहिनी, वेळ, विषय. आणि जी यादी कार्यालयात जाईल तीच वाचनालयाच्या फलकावर लागेल, कोणीही वाचावी. त्यानंतर दोन महिने तिकडून कोणी फिरकलं नाही. विजेच्या बिलातला त्यांचा वाटाही तेवढे दिवस फिरकला नाही. तुमच्याकडे कार्यालयाबरोबर भागी करणार असाल तर हा कागद यंत्र विकत घ्यायच्या आधी करा, मी नंतर केला.

शिकवण्याचं म्हणाल तर पुस्तकातलं अर्धं मी आता काढतच नाही. मुलं एक आठवडा संध्याकाळची बुलेटिनं बघून लॉगशीट भरतात: बातमी, किती सेकंद, बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, कोणाचा, तो कुठे घेतला, बातमीदार फोनवरून बोलला (फोनो) की कॅमेऱ्याकडे बघून (पीटूसी), दृश्यं कोणती. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ध्यानात आलं की आमच्या जिल्ह्याचं नाव येतं ते शेतकरी आत्महत्या, वाघ आणि पूर यांच्याबरोबर. बाईट बहुतेक यवतमाळला कलेक्टर ऑफिसच्या फाटकाशी. सुरुवातीला मुलं तावातावाने बोलायची, "हे लोक गावात येतच नाहीत." मग उमेदवारी करणाऱ्या एकाने स्ट्रिंगरचा हिशेब फळ्यावर मांडला: पैसे बातमीमागे, पेट्रोल स्वतःचं, आणि लागली नाही तर काहीच नाही. वर्ग गप्प झाला.

आणि आमचे आबाजी. डोक्याला हात लावून बांधावर बसलेला, पांढऱ्या टोपीतला म्हातारा, मागे भेगाळलेली जमीन. हे दृश्य एका वाहिनीच्या साठ्यातलं असावं. मुलांनी त्याला आबाजी नाव ठेवलं. आबाजी पीकविम्याच्या बातमीत दिसले, कापसाच्या भावाच्या बातमीत दिसले, आणि ऑक्टोबरमध्ये ओल्या दुष्काळाच्या बातमीतही दिसले. बाहेर सोयाबीन शेंगेतच कोंबारून गेलं होतं, वावरात पाय गुडघाभर रुतत होता, आणि पडद्यावर आबाजी भेगाळलेल्या मातीत बसून. लॉगशीटमध्ये "दृश्यं" या रकान्यात आता नुसतं "आबा" लिहिलं तरी चालतं.

सह्याद्रीबद्दल एक. मुलांना ती वाहिनी आधी आजोबांची वाटायची. मोजायला बसली तेव्हा कळलं की तिथे बातमी शेवटपर्यंत वाचतात, मध्ये ढणढणाट नाही, आणि गावाचं नाव बहुधा बरोबर उच्चारतात. एका मुलीने प्रकल्पच त्यावर केला.

शेवटी बाबू पुन्हा आले, दोन महिन्यांनी. वाटा आणला होता, पावतीही मागितली. रपट्याच्या जागी उंच पूल मंजूर झाला, त्याचं भूमिपूजन झालं होतं, मांडव घालून. वाहिन्यांना प्रेसनोट गेली होती. "कोणी कोणी दाखोलं त्याची यादी पाहिजे, मॅडम. वर पाठवाची हाये." दोन मुलं बसली, चारही वाहिन्यांचे तीन दिवस चाळले. नाशिकचं वणी दोनदा आलं. आबाजी एकदा. भूमिपूजन कुठेच नाही.

बाबू म्हणाले, "तसंच लिहून द्या मंग." लॉगशीट छापली, रकाने रिकामे. एक प्रत त्यांनी घडी करून खिशात घातली, दुसरी फलकावर लावली.