मार्कस ऑरेलियस की सेनेका: आधी कोणाला वाचावं?

स्टोइक विचारांची, म्हणजे मन ताब्यात ठेवून जगायला शिकवणाऱ्या प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानाची, तोंडओळख झाली, आता मूळ रोमन माणसांकडेच जायचं, असं ठरवलेल्या वाचकाची निवड बहुधा दोघांत अडते: सम्राट मार्कस ऑरेलियसचं 'मेडिटेशन्स', नाहीतर तत्त्वज्ञ सेनेकाने मित्र ल्युसिलियसला लिहिलेली १२४ पत्रं. मी दोन्ही वाचली आहेत. हात मात्र एकाकडेच आधी जातो.

मार्कसच्या योग्यतेबद्दल शंकाच नाही. इ.स. १६१ ते १८० एवढा काळ साम्राज्य सांभाळताना त्याने स्वतःसाठी ग्रीक भाषेत ही टिपणं काढली, त्यातली काही डॅन्यूबकडच्या युद्धभूमीवर. सकाळी अंथरूण सोडवत नसेल तर मनाला काय सांगावं, आज भेटणारी माणसं कृतघ्न आणि उद्धट असतील हे आधीच कसं धरून चालावं, हे त्याच्याइतकं थोडक्यात मी कुठे वाचलेलं नाही. कोणाकडून काय शिकलो हे सांगणारं पहिलं प्रकरण तर कोणीही वाचावं.

पुढे मात्र मला एक गोष्ट सतत खटकते. तो प्रसंग सांगत नाही. राग आवर, असं स्वतःला बजावतो. पण राग कोणाचा आला, कशावरून आला, काही कळत नाही. स्वतःपुरतं लिहिणाऱ्याला ते लिहायची गरज नव्हती, हे मान्य. पण कामावर कोणी लागेल असं बोललं की त्या रात्री मला त्याची वाक्यं पटतात, आणि थोड्याच वेळात मन पुन्हा त्याच बोलण्याशी घुटमळतं.

सेनेका प्रसंगातूनच बोलतो. ५६व्या पत्रात तो सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहतोय. व्यायाम करणाऱ्यांचं कण्हणं, मालिशवाल्याच्या थापा, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या आरोळ्या, सगळं तो कान देऊन टिपतो. आत शांतता असेल तर बाहेरचा गोंगाट बाधत नाही, हे नीट समजावतो. आणि शेवटी सांगतो, मला फक्त स्वतःची परीक्षा घ्यायची होती, आता मी इथून निघतो! शहाणपणाला एवढी मोकळीक देणारा माणूस मला जवळचा वाटतो. दम्याचा झटका, समुद्रप्रवासात बोट लागणं, स्वतः बांधलेलं घर जुनं झालेलं पाहून आपलं म्हातारपण जाणवणं, असंच सगळं.

साधेपणा शिकवणारा सेनेका स्वतः गडगंज श्रीमंत होता, जुलमी सम्राट नीरोच्या दरबारात वावरला, हा आक्षेप खराच आहे आणि तो ज्यांना सलतो त्यांना मार्कसच बरा वाटेल. माझ्यापुरतं २७व्या पत्राने ते सोडवलं: मी वैद्य म्हणून बोलत नाही, आपण एकाच रुग्णालयात पडलेले आहोत, असं तो तिथे म्हणतो.

सुरुवात ५६व्या पत्राने करा, मग म्हातारपणाविषयीचं १२वं, मग गुलामांविषयीचं ४७वं. दिवसाला एकच पुरे. वाचलेल्यातला एक विचार त्या दिवशी पचवायला निवडावा, असं तो स्वतःच दुसऱ्या पत्रात सांगतो.