‘ऑटिझमचं ट्रेनिंग घेतलेल्या’ केअरटेकरच्या नावाखाली घातलेली १,३५,४०० रुपयांची टोपी

रजिस्ट्रेशन ५,९००. डिपॉझिट ३०,०००, म्हणे ‘रिफंडेबल’. तीन महिन्यांचे आगाऊ ८७,०००, कारण एकदम भरले की महिन्याचे ३२,००० चे २९,००० होतात. ‘बिहेविअर प्लॅन’चे वेगळे १२,५००. एकूण १,३५,४००. परत आले शून्य.

केअरटेकर ब्युरोवाले कसं गोड बोलतात ते सांगायला नको. म्हातारी माणसं सांभाळायला माणूस पुरवणारेच हे लोक. आता पाटीवर ‘ऑटिझम’ लिहितात आणि दर वाढवतात. आणि ‘शिकलेली बाई, बँकेत नोकरी, तरी कळलं नाही?’ असं विचारणाऱ्यांनी आधी चोवीस वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा घरी ठेवून ऑफिसला जाऊन दाखवावं. अठरा पूर्ण झाली तशी त्याची विशेष शाळा सुटली. सासूबाई होत्या म्हणून डोंबिवलीतलं आमचं घर चाललं. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्या नणंदेकडे गेल्या, आणि माझी रजा संपत आली होती. अशा वेळी समोरचा ‘ताई, तुम्ही निश्चिंत राहा’ म्हणाला की माणूस पैसे भरतो.

प्लॅन म्हणजे दोन पानांची पीडीएफ. त्यात माझा मुलगा मध्येच ‘ती’ झालेला. ‘तिला पझलची आवड आहे.’ पझलला तो हात लावत नाही. विचारलं तर उत्तर, ‘टायपिंग मिस्टेक, ताई.’ रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट यायचा: पझल २० मिनिटं, गार्डन ४० मिनिटं, मूड छान. धो धो पाऊस पडला त्या दिवशीही गार्डन ४० मिनिटं! पावतीवर जीएसटी लावलेला, जीएसटी नंबर नाही. पावती घेताना हे आधी बघा.

पण हे सगळं एक वेळ सोडा. मला जाळतं ते वेगळंच. मुलगा स्वतःहून फारसं बोलत नाही, ऐकलेलं बोलतो. लोकलमधलं ‘पुढील स्टेशन ठाकुर्ली’, साबणाची जाहिरात, सासूबाईंचं ‘अगं बाई’. दुसऱ्या महिन्यात जेवताना तो म्हणायला लागला, ‘आवाज नको. दार लावतो हां. दार लावतो.’ दात आवळून, खालच्या आवाजात. मी नवऱ्याला विचारलं, ही कुठल्या सिरियलमधली ओळ? तो म्हणाला, असेल कुठली तरी. आणि मी मुलाला दुसरी पोळी वाढली. अहो, आमच्याकडे सिरियल लागतातच कुठे? सासूबाई गेल्यापासून टीव्ही बंद आहे. इतकी वर्षं मी डॉक्टरांना, शिक्षकांना, नातेवाइकांना बजावत आले की तो उगाच काही बोलत नाही, कुठून तरी ऐकलेलंच बोलतो. आणि त्याने माझ्याच ताटासमोर बसून तक्रार केली तेव्हा मी सिरियल शोधत होते.

शेवटी समोरच्या विंगमधल्या काकूंनी दुपारी व्हिडिओ पाठवला. मुलगा बेडरूमच्या खिडकीशी उभा राहून गजांवर हात आपटतोय. घरी पोचले तर बेडरूमच्या दाराला बाहेरून कडी, आणि हॉलमध्ये हा केअरटेकर पोरगा कानात हेडफोन घालून रील्स बघत बसलेला. आधी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची नाइट ड्युटी करायचा. ऑटिझम हा शब्द त्याने ब्युरोतच पहिल्यांदा ऐकला होता. माझ्या २९,००० मधले त्याला १४,००० मिळत होते. त्याला मी सोडणार नाही, पण उरलेले १५,००० कशाचे?

ब्युरोने दिलेल्या सर्टिफिकेटवरचा सीआरआर नंबर, म्हणजे दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसाचा नोंदणी क्रमांक, भारतीय पुनर्वास परिषदेच्या वेबसाइटवर टाकला, तर तो परराज्यातल्या एका श्रवणतज्ज्ञाचा निघाला. पैसे भरण्याआधी तुम्ही टाका. गुमास्ता लायसन्स फ्रेम करून भिंतीवर लावलं म्हणजे ऑटिझम कळतो असं नाही. तो नुसता धंदा नोंदवल्याचा कागद आहे.

पोलीस चौकीत पहिलं वाक्य, ‘मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे.’ अहो, माणूस कोंडून ठेवला, ते सिव्हिल? मग साहेबांनी मुलाला विचारलं, ‘नाव काय तुझं?’ तो म्हणाला, ‘नाव काय तुझं.’ साहेब हसले. ‘हा काय जबाब देणार?’ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ७ सांगतं की अशी तक्रार आली की पोलिसांनी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे संरक्षण मागण्याचा हक्क आणि मोफत कायदेशीर मदत यांची माहिती स्वतःहून द्यायची. मला चौकीत ते कलमच माहीत असलेला कोणी भेटला नाही. प्रिंट काढून नेली तर ‘ठेवून जा’. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे पैसे तुम्हीच ओळखीच्या खात्यात एनईएफटी केलेत. एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला, त्यांनी तो ‘पुढील योग्य कार्यवाहीस्तव’ त्याच चौकीला पाठवला! प्रत माझ्या माहितीसाठी. मुलगा दिव्यांग असल्याचा पुरावा मात्र प्रत्येकाला हवा होता, तोही झेरॉक्स स्वाक्षांकित करून.

रोख देऊ नका. आगाऊ तीन महिन्यांचं तर नाव काढू नका. पहिला आठवडा घरातलं कोणी तरी सोबत थांबा, आणि मूल नवीन वाक्य बोलायला लागलं तर ते कुठून आलं ते त्याच दिवशी शोधा. दाराच्या बाहेरच्या कड्या मी सुताराकडून काढून घेतल्या आहेत.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तिथे तक्रार दाखल केली आहे. ब्युरोचा फोन बंद आहे. तीच जाहिरात, तीच तीन महिन्यांची सूट मात्र आता नव्या नावाने फिरतेय. ‘तिला पझलची आवड आहे’ असं लिहिलेला प्लॅन तुमच्याकडेही आला असेल तर पावतीसकट जपून ठेवा आणि मला कळवा, माझ्या वकिलांना तो हवा आहे.