काठीवर उभा राहणारा तंबू : नऊ महिने वापरल्यावर

नोव्हेंबरात तंबू घरी आला त्याच संध्याकाळी तो गल्लीतल्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला. पेटीवर 1.1 किलो छापलेलं होतं. खुंट्या, दोऱ्या, पिशवी सगळं धरून भरला 1 किलो 340 ग्रॅम. किराणावाल्याने पिशवी हातात घेऊन पाहिली. "भाऊ, एवढंसंच घर हाय?"

आधीचा घुमटाकार तंबू साडेतीन किलोचा होता, त्यामुळे 240 ग्रॅमच्या थापेचा राग फार टिकला नाही. नव्याला स्वतःच्या दांड्या नाहीत. चालायची काठी 120 सेंटीमीटरवर लावून मधे उभी करायची आणि चारी बाजूंनी ताणायचं. वजन वाचतं ते इथे. वर सिलिकॉन लावलेलं पातळ नायलॉन, आत तळासकट मच्छरदाणीसारखी जाळी. ती सुटी निघते.

जाळी घरी ठेवली तर अर्धा किलो कमी होतो, आणि तो मोह मलाही झाला होता. परदेशातले शिकारी बिनतळाचा तंबू वापरतात, आत छोटी लाकडाची शेगडीही पेटवतात. त्यांच्याकडच्या बर्फात ते ठीक. आपल्याकडे शिकार 1972 च्या कायद्याने बंद झाली, मी जातो ते पाखरं बघायला आणि डोंगर चढायला. आणि आपल्या जमिनीवर विंचू आहेत, मण्यार आहे. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावली तर कित्येकदा त्याला कळतही नाही. मी जाळी कधीच काढत नाही. ग्रॅम वाचवायचे तर दुसरा शर्ट घरी ठेवा.

पेंच-ताडोबात पायी जाऊन तंबू ठोकता येत नाही, म्हणून पहिली रात्र काढली रामटेकजवळ, मित्राच्या शेतात, खिंडसीच्या पाण्याला अगदी लागून. पहाटे चारला नाकावर थेंब पडला. पाऊस आला म्हणून चेन उघडून डोकं बाहेर काढलं, तर आभाळ चांदण्यांनी भरलेलं. पाणी माझंच होतं. उघड्या आभाळाखाली कापड हवेपेक्षाही गार पडतं, आणि श्वासातली वाफ व तळ्याकाठची ओल त्याच्यावर जमते. जाळीमुळे झोपायची पिशवी बरीच वाचली, पायाकडची बाजू मात्र कापडाला टेकून भिजली. पुढच्या वेळी पाण्यापासून लांब, बांधावरच्या आंब्याखाली लावला, दोन्ही दारं अर्धी उघडी ठेवली. कापड जवळजवळ कोरडं राहिलं. झाडाखाली लावताना वर वाळकी फांदी नाही ना, एवढं पाहून घ्या.

जूनअखेर विदर्भ एक्सप्रेसने इगतपुरी आणि तिथून कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव. खरी परीक्षा तिथे झाली, आणि पहिल्या रात्री तंबू नापास. विकताना 'पूर्ण वॉटरप्रूफ' म्हटलं होतं, पण माथ्याची शिवण वरून बंद न करता मोकळीच सोडलेली, आणि तिथूनच पाणी गळलं. दोन्ही बाजूंना सिलिकॉन असलेल्या कापडावर शिवणपट्टी चिकटत नाही, शिवणीवर सिलिकॉनच लावावं लागतं, हे विकणाऱ्याने सांगायला नको? तक्रारीला उत्तर आलं ते 'रेटिंग द्या' असं. घरी येऊन हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक सिलिकॉनची नळी आणली, टर्पेंटाइनमध्ये पातळ केली, जुन्या ब्रशने शिवणीवर फिरवली आणि गच्चीवर रात्रभर वाळवली. दुसऱ्या दिवशी नळाच्या पाइपाने अर्धा तास पाणी मारलं. थेंब नाही.

नायलॉनची एक खोड मात्र कायमची. पाणी प्यायलं की ते सैल पडतं. झोपताना तबल्यासारखं ताणलेलं कापड मध्यरात्री तोंडाशी येतं. उठून दोऱ्या ओढा, नाहीतर काठी दोन बोटं वर सरकवा. आता घ्यायचा झाला तर मी पॉलिएस्टरचाच घेईन, ते एवढं ढिलं पडत नाही.

सोबतच्या तारेसारख्या खुंट्या मुरमात पहिल्याच घावाला वाकल्या. ओल्या काळ्या मातीत त्या जातात लोण्यासारख्या आणि निघतातही तशाच. तीन पात्यांच्या लांब खुंट्या वेगळ्या घेतल्या, वर एकेक धोंडा ठेवतो. त्याच मातीची धूळ चेनीत बसते, ती दातांच्या ब्रशने झाडायची. मे महिन्यात तंबू बाहेर काढलाच नाही. 45 अंशांच्या उन्हात नायलॉन सुकत घालणं म्हणजे कापडाचं आयुष्य जाळणं.

बाबा दर वर्षी नागद्वारच्या यात्रेला निळी पन्नी घेऊन जातात. यंदा म्हटलं, माझा तंबू न्या, हलका आहे. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "पन्नीखाली आम्ही सहा जण झोपतो. यात बाकीचे पाच कुठं ठेवू?"