ग्लायकोजेन आणि मेद: शरीरातील दोन इंधनसाठे

एक ग्रॅम कर्बोदकापासून सुमारे 4 किलोकॅलरी, तर तेवढ्याच मेदापासून सुमारे 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. साठवणुकीत ही तफावत आणखी वाढते, कारण ग्लायकोजेन (ग्लुकोजच्या साखळ्यांच्या रूपात साठवलेले कर्बोदक) आपल्या वजनाच्या जवळपास तिप्पट पाणी धरून ठेवते आणि मेद जवळजवळ कोरडाच साठतो. यकृतातील सुमारे 100 ग्रॅम ग्लायकोजेन एका दिवसाच्या निरंकार उपवासात बहुतांशी संपते. मेदाचा साठा मात्र सडपातळ माणसालाही कित्येक आठवडे पुरू शकतो.

तरीही केवळ साठ्यावरून मेदाला श्रेष्ठ ठरवणे घाईचे होईल. ग्लायकोजेनपासून ऑक्सिजनशिवायही ऊर्जा मिळते, तर मेदाम्लांच्या (मेदाच्या मुख्य घटकांच्या) ज्वलनाला ऑक्सिजन लागतोच. म्हणून वेगाने धावताना स्नायूंची भिस्त ग्लायकोजेनवर असते. मायटोकॉन्ड्रिया (ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे पेशीतील घटक) नसलेल्या तांबड्या रक्तपेशींना तर ग्लुकोजखेरीज पर्यायच नाही. शिवाय ग्लुकोजच्या विघटनातून बनणाऱ्या पायरुवेटपासून अ‍ॅसिटिल कोएन्झाइम-ए (मेदाम्ले ज्यापासून बनतात आणि मोडल्यावर ज्यात बदलतात तो रेणू) बनण्याची क्रिया उलट फिरत नसल्यामुळे जादा साखरेचा मेद होऊ शकतो, पण त्या मेदातील मेदाम्लांपासून पुन्हा ग्लुकोज मिळवणे शरीराला जवळजवळ अशक्य असते (मेदाम्लांना जोडून ठेवणाऱ्या ग्लिसरॉलचा लहानसा भाग तेवढा अपवाद). लांबलेल्या उपवासात मेंदू कीटोन द्रव्यांवर (यकृताने मेदाम्लांपासून बनवलेल्या इंधनावर) बरेच भागवतो, मात्र ग्लुकोजची उरलेली गरज पुरवण्यासाठी स्नायूंतील प्रथिनेही खर्ची पडतात.