जुनी, काळवंडलेली काडतुसे: एका विक्रेत्याकडील तपासणीचा अनुभव

कोकणातल्या पावसाळ्यात काडतुसांचे पितळ कळकते, आणि अशी काडतुसे वापरावीत की बाद करावीत, हा प्रश्न शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना घेतलेल्या शेतकऱ्यापुढे केव्हा ना केव्हा येतोच. माझ्याकडील बारा बोअरची जुनी काडतुसे, काही कागदी नळीची तर काही प्लास्टिकची, मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे तपासायला नेली.

त्यांनी नुसत्या रंगावरून निकाल दिला नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. पितळ तपकिरी किंवा काळपट झाले एवढ्यावरून काडतूस बाद होत नाही. प्रत्येक काडतुसाचे बूड त्यांनी कोरड्या फडक्याने पुसून उजेडात तिरके धरले. हिरवी भुकटी निघाल्यावर ज्यांच्या पितळाला नखाला लागतील असे खड्डे दिसले, ज्यांच्या टोपीभोवती (बुडाच्या मध्यावरच्या, ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या भागाभोवती) हिरवी कड धरली होती किंवा ज्यांच्या तोंडाची घडी सुटू लागली होती, ती सर्व बाजूला काढली. ओल पिऊन फुगलेली कागदी काडतुसे तर त्यांनी लगेच बाद केली, कारण ती बंदुकीच्या नळीत नीट बसत नाहीत आणि जोर लावून बसवणे जिवावर बेतू शकते.

काडतुसे कुठे ठेवली होती, हेही त्यांनी विचारले. माझी पेटी गोठ्यावरच्या माळ्यावर होती. ब्रिटिश अमदानीत भारतात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेल्या काडतुसांचे पितळ आपोआप तडकत असे. जनावरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि पितळात घडणीपासून राहिलेला ताण ही त्याची कारणे 1921 मध्ये मांडली गेली. गोठ्याजवळ काडतुसे ठेवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनावर घ्यावी.

बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या काडतुसातील दारूची खात्री कोणीही देऊ शकत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि हा प्रामाणिकपणा मला आवडला. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण बार उशिरा होऊ शकतो. बार फुसका गेला, तर बंदूक रिकामी करून नळी आरपार मोकळी आहे हे पाहिल्याशिवाय दुसरे काडतूस भरू नये. नळीत काही अडकून राहिले असताना पुढचा बार झाला तर नळी फुटू शकते.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. तेथील मदतनीसाने चांगल्या काडतुसांना तेल चोळून ठेवण्याचा सल्ला दिला. तो चुकीचा आहे, कारण तेल टोपीच्या फटीतून आत झिरपून ती निकामी करू शकते. दुसरे म्हणजे, बाद काडतुसे त्यांनी जमा करून घेतली, पण त्यांची लेखी पोच मागितल्यावरच दिली. तपासणी काळजीपूर्वक होते, म्हणून तेथे अवश्य जावे. मात्र मूळ परवाना सोबत न्यावा आणि पोच हातात पडल्याशिवाय दुकानातून निघू नये.