दोन दिवसांत गुडघे बरे करणारी ‘सालई’

सालईच्या पुड्या विकणाऱ्या ज्या पत्रकाने आमच्या आक्काला गंडवलं, त्यातली शास्त्राची वाक्यं बहुतेक खरी आहेत. म्हणूनच हा लेखनप्रपंच. धडधडीत खोटं असतं तर आक्कासारखी निवृत्त शिक्षिका त्याला बधली नसती.

सालईच्या झाडाच्या डिंकात बोस्वेलिक आम्लं असतात आणि ती सूज वाढवणाऱ्या ५-लायपॉक्सिजनेज या एन्झाइमला अडवतात, असं पत्रकात आहे. बरोबर आहे. उंदराच्या पंजात कॅराजीनन टोचून आणलेली सूज अर्काने उतरते, हेही आहे. काचेच्या बशीत जंतू वाढवून त्यात अर्काची चकती ठेवली की भोवती मोकळं वर्तुळ दिसतं, त्याचा तर रंगीत फोटोच. (आक्काच्या गुडघ्यांची झीज झालीय, तिथे जंतूंचं काय काम? पण वाचायला भारदस्त वाटतं.) नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघेदुखीच्या ३० रुग्णांवर केलेला, २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोगही त्यात आहे. त्या रुग्णांना खरंच आराम पडला होता. फक्त अर्क आठ आठवडे दिला होता, तेवढं पत्रकाने गाळलं.

आक्काला दुसऱ्याच दिवशी आराम पडला.

पुड्या मिळाल्या त्या मंगल कार्यालयात भरलेल्या ‘मोफत हाडं तपासणी’ शिबिरात. टाच मशीनमध्ये ठेवायची, आकडा यायचा आणि आलेल्या प्रत्येकाची हाडं ठिसूळ निघायची. पांढरा कोट घातलेला एक मुलगा म्हणाला, “मावशी, या वयात ऑपरेशन कशाला? वनस्पतीच आहे, अपाय काहीच नाही.” कोर्स ६,८०० रुपयांचा. पैसे मोबाइलवरून कुणा व्यक्तीच्या खात्यात. बिल मागितलं तर “कुरिअरबरोबर येईल”.

पहिले काही आठवडे आक्का खूश होती. जिना चढायला लागली, भूक वाढली, चेहरा भरला. सगळे म्हणाले, तब्येत सुधारली. तो चेहरा भरलेला नव्हता, सुजलेला होता. दंडावर जरा धक्का लागला तरी काळेनिळे डाग उठायचे आणि इतकी वर्षं गोळीवर आटोक्यात असलेली साखर काही केल्या उतरेना. मग पुढचं पार्सल लांबलं, पुड्या संपल्या आणि तिला उलट्या, चक्कर, उठून बसवेना इतका थकवा सुरू झाला. दवाखान्यात रक्तदाब बराच खाली गेलेला निघाला.

डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला, “आजी, कुठली देशी पुडी घेत होता का?” सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, फारच कमी आलं. घरात एक पुडी उरली होती, ती आम्ही पैसे भरून खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतली. त्यात डेक्सामेथासोन निघालं. दुसऱ्याच दिवशीचा आराम, सुजलेला चेहरा, काळेनिळे डाग, न उतरणारी साखर, सगळं त्याचंच.

हे स्टेरॉइड औषधाच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतं. योग्य रोगात, योग्य मात्रेत ते जीव वाचवतं. पण रोज बाहेरून मिळायला लागलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतात. मग पुडी अचानक बंद झाली की शरीराकडे काहीच उरत नाही. आक्काला आता रीतसर स्टेरॉइड सुरू करून थोडं थोडं कमी करावं लागतंय, म्हणजे जे नको होतं तेच औषध म्हणून घ्यावं लागतंय.

पाकीट नंतर नीट पाहिलं. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि कारखान्याचा पत्ता लागतो. इथे होता फक्त १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे खाद्यपदार्थाचा. फोन केला तेव्हा उत्तर तयारच होतं: “हे औषध नाहीच, फूड सप्लिमेंट आहे.” पण पत्रकाच्या मागच्या बाजूला ‘मधुमेह मुळापासून’ असं ठळक छापलंय. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. आणि साखर वाढवणारी पुडी मधुमेहावर विकायची, याला काय म्हणावं!

तो नंबर आता बंद आहे. भाच्याने शेजारच्या तालुक्यातून तेच पत्रक पाठवलं, फक्त गुडघ्याच्या जागी मणका आलाय. आम्ही अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात पाकीट, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडून तक्रार दिली आहे, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली आहे.

तुमच्या घरात कुणाची जुनी सांधेदुखी, दमा किंवा खाज अशा एखाद्या बिननावाच्या पुडीने रातोरात पळाली असेल, तर रागाच्या भरात ती पुडी कचऱ्यात टाकू नका आणि एकदम बंदही करू नका. पाकिटासकट डॉक्टरांकडे न्या, कॉर्टिसॉल तपासायचं का विचारा, आणि दोन-चार पुड्या तक्रारीसाठी बाजूला ठेवा. आमच्याकडे एकच उरली होती. ती तपासणीत संपली, आणि कार्यालयात नमुना मागितला तेव्हा द्यायला काही नव्हतं.