बाडमेर, दुलियाजान की बॉम्बे हाय? बेळगावच्या पोरानं ठरवण्याआधी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दोन-चार वर्षं वेल्डिंग-फिटिंग केलेल्या खानापूर-निपाणीकडच्या मुलाला तेल-वायूच्या कामाची ऑफर आली की घरात पहिला विषय निघतो तो पगाराचा. पण राजस्थानातलं बाडमेर, आसामातलं दुलियाजान की मुंबईजवळच्या समुद्रातलं बॉम्बे हाय, ठेक्यावरचा पगार तिन्हीकडे ठेकेदाराच्याच हातात असतो. त्याआधी बघायचं ते असं: जिथून तेल निघतं, त्या गावाच्या पदरात काय पडलं? गाव नाराज असेल तर बंद आणि गेटवरच्या अडवणुकीची झळ आधी बाहेरून आलेल्यालाच बसते. आपल्या सीमाभागात हे कुणाला वेगळं सांगायला नको.

आसामात तेल जुनं आहे. दिग्बोईची रिफायनरी 1901 सालची. दुलियाजान म्हणजे ऑइल इंडिया या सरकारी तेल कंपनीचं गाव. कॉलनी, शाळा, हॉस्पिटल सगळं आहे, त्यामुळे कायम नोकरी असेल तर बायकापोरांना घेऊन राहता येतं. तिथली नाराजीही तितकीच जुनी. आसामचं तेल शुद्ध करायला बिहारात बरौनीची रिफायनरी उभी राहिली, हे तिथल्या लोकांना फार लागलं. 1979-80 च्या आंदोलनात त्यांनी तेल बाहेर जाऊच दिलं नाही. पुढे ते आंदोलन मिटवणाऱ्या 1985 च्या आसाम करारातून नुमालीगडची रिफायनरी पदरात पडली. म्हणजे भांडून का होईना, वाटा मिळाला. पण ऑइल इंडियाच्याच बागजानच्या विहिरीचा अपघात विसरू नका. 27 मे 2020 ला तिथल्या विहिरीतून वायू उसळला, 9 जूनला आग लागली, दोन अग्निशमन कर्मचारी गेले आणि आग विझायला नोव्हेंबर उजाडला. शेजारच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीवर तेलाचा तवंग, भातशेती आणि चहाच्या मळ्यांवर तेलकट थर, माणसं छावणीत. अशा गावात भरपाईच्या मागणीसाठी रस्ता अडला, तर तुमची गाडीही त्यातच अडकणार, आणि राग कुणावर धरायचा हेही कळणार नाही.

बाडमेरचं तेल नवं. तिथलं मंगला तेलक्षेत्र 2004 मध्ये सापडलं, उत्पादन 2009 ला सुरू झालं. तेल इतकं मेणचट की गुजरातपर्यंतची पाइपलाइन गरम ठेवावी लागते. त्याच भागातल्या पचपदऱ्याच्या, वर्षाला 90 लाख टन क्षमतेच्या रिफायनरीची पायाभरणी 2013 मध्ये झाली आणि 2018 मध्ये पुन्हा कामाचा शुभारंभ. या दोन तारखांच्या मधे नोकरीची वाट बघत बसलेल्या तिथल्या पोरांचा विचार करा, म्हणजे तुमच्याकडे ते कोणत्या नजरेनं बघतील ते कळेल. बांधकाम चालू असेपर्यंत वेल्डरला मागणी असते. कारखाना चालू झाला की थोडक्या माणसांत भागतं. हिंदीवर निभावतं आणि जोधपूरची गाडी बेळगाववरूनच जाते, या सोयी आहेतच. दोन वर्षं काढून पैसे गाठीला बांधायला ठीक. संसार थाटायला नाही.

बॉम्बे हायला गावच नाही, चारी बाजूंनी पाणी. कायम नोकरदाराला साधारण 14 दिवस काम आणि 14 दिवस सुट्टी. रात्रीची बस धरली की सकाळी घरी. ठेक्यावर पाळी लांबते, म्हणून सुट्टीच्या दिवसांचा पगार मिळतो का, हे आधीच विचारा. तिथलं काम धोक्याचं आहे. 2005 च्या आगीत 22 जण गेले, 2021 च्या तौक्ते वादळात पी-305 हे कामगारांच्या राहण्याचं बार्ज (सपाट तळाचं जहाज) बुडून 70 हून अधिक. बार्जवर बहुतेक ठेक्याचीच माणसं होती. समुद्रात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण गोव्यात बेतुलला ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या संस्थेत होतं, चोर्ला घाट उतरलं की झालं. ते न देताच कुणी 'जहाजावर चढ' म्हणत असेल तर सरळ नाही म्हणा.

माझा कौल असा. ऑइल इंडियाची कायम नोकरी असेल तर दुलियाजान, लांब पडलं तरी. फक्त आसामी शिकायची तयारी ठेवा. ठेक्यावरच जायचं आणि लग्न व्हायचंय, तर प्रशिक्षण घेऊन बॉम्बे हाय. बाडमेर तिसरं, तेही करारात मुदत लिहून मिळाली तरच.

कुठंही जा, ठेकेदाराला आयटीआयची मूळ प्रमाणपत्रं देऊ नका, झेरॉक्स द्या. पीएफ खात्यात पहिल्या महिन्याचे पैसे जमा झाले का ते मोबाइलवर बघा. आणि ठेकेदाराकडे आधीपासून असलेल्या, त्याच गावच्या एखाद्या पोराला फोन लावा; त्याला पगार वेळेवर मिळत नसेल तर तुम्हालाही मिळणार नाही.